सूट कोणाला मिळते?

दिव्यांगांच्या हक्कांचा जो कायदा आपल्या संसदेने २०१६ साली केला, त्याच्या १७व्या कलमात एक लहानसे पोटकलम आहे. अशा मुलांच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते फेरबदल करावेत, असे ते सांगते आणि लगेच उदाहरणे देते : पेपर लिहायला जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. वाक्य एकच. पण त्याच्या तोंडाशी असलेले ‘अभ्यासक्रमात फेरबदल’ हे शब्द आमच्या शाळांना भिंगातूनही दिसत नाहीत आणि शेपटाकडची ‘सूट’ मात्र चष्म्यावाचून वाचता येते!

माझे भांडण त्या शेपटाशी आहे. ऐन दिवाळीत, करंजी-चकलीच्या ताटाशेजारी असला रुक्ष विषय वाढला म्हणून वाचकांनी रागावू नये. ज्या घरात असे एखादे मूल आहे, त्या घरी फराळाला आलेला पाहुणा पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘‘काय हो, याला इंग्रजी जमते का?’’ आणि मग त्या घरातली आई चहाचे निमित्त करून आत जाते.

इंग्रजी परकी की आपलीच, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिलीपासून शिकवली जाते, तरी आमच्या तालुक्यातल्या पोराला ती परकीच आहे. घरात नाही, अंगणात नाही, बाजारात नाही. फक्त फळ्यावर आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. खालच्या वर्गांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे परकी भाषा फळ्यावरून उतरून डोक्यात शिरायला किती आढेवेढे घेते, हे मला पदवीधरांपेक्षा थोडे अधिक ठाऊक आहे.

मी पूर्वी एका शाळेत होतो. तिथे सहावीतल्या एका मुलाला डिस्लेक्सियाचा दाखला मिळाला. मुलगा हुशार, तोंडी हिशेबात वाघ. पण वाचायला उभा केला की अक्षरे त्याच्यापुढे मुंग्यांसारखी पांगायची. वडील दाखला घेऊन आले. ‘‘सर, आता याला इंग्रजीचा जाच नाही ना?’’ मुख्याध्यापक प्रसन्न हसून म्हणाले, ‘‘छे, छे! सूटच मिळाली की.’’ शिक्षक खोलीतही सुटकेचा निःश्वास पडला. तेवढ्यात मुलाने विचारले, ‘‘सर, मग त्या तासाला मी कुठे बसू?’’

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नाही आणि त्या शाळेतही नव्हते. वर्षभर तो मुलगा इंग्रजीच्या तासाला घंटा देई, माठ भरी, हजेरीपट पोहोचवी आणि उरलेला वेळ वर्गाच्या दाराबाहेर पायरीवर बसे. आतले सगळे त्याला ऐकू येई. शिकण्याची मनाई नव्हती. फक्त शिकवण्याची सूट होती. आता सांगा, ती सूट कोणाला मिळाली? मुलाला की शाळेला?

आमचा दयाळू समाज म्हणतो, ‘‘बिचाऱ्याला कशाला छळता?’’ या ‘बिचाऱ्या’ शब्दाइतका निर्दय शब्द मराठीत दुसरा नसेल. त्यामागे ठाम समजूत अशी, की ज्याला एक भाषा वाचता येत नाही त्याला दुसरी येणारच नाही. ही समजूत साफ खोटी आहे. हेलन केलर एकोणीस महिन्यांची असताना तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेली. तरी ती फ्रेंच आणि जर्मन शिकली आणि १९०४ साली रॅडक्लिफ कॉलेजची पदवीधर झाली. पण ती पडली असामान्य. तिचे उदाहरण दिले की लोक हात जोडतात आणि सुटतात. म्हणून साधे उदाहरण देतो. इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांचा, जपानात वाढलेला एक सोळा वर्षांचा मुलगा वायडेल आणि बटरवर्थ या दोघा संशोधकांनी तपासला आणि १९९९ साली त्याची हकिगत छापली. घरच्या इंग्रजीत हा मुलगा डिस्लेक्सियाने पार अडखळलेला, आणि जपानी मात्र बरोबरीच्या मुलांइतकी सहज वाचणारा! मेंदू एकच, एका लिपीत अडला आणि दुसरीत धावला.

म्हणजे दोष सगळा मुलाचा नसतो, थोडा भाषेच्या लेखनाचाही असतो. आपल्या देवनागरीत ‘क’ दिसला की ‘क’च म्हणायचा. इंग्रजीत पी-यू-टी पुट, पण बी-यू-टी बट! स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सेमूर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा युरोपीय भाषांतली नुकती वाचू लागलेली मुले तपासून २००३ साली दाखवून दिले, की जिथे लेखन उच्चाराला धरून आहे तिथल्या मुलांच्या मानाने इंग्रजी वाचणाऱ्या मुलांची प्रगती निम्म्याहूनही मंद असते. ज्यांची ती मातृभाषा, त्यांची ही कथा! आणि आम्ही सहावीतल्या पोराला पानभर स्पेलिंगे घोकायला लावतो आणि ती आली नाहीत की दाखला आणायला पाठवतो.

मग करायचे काय? शिकवण्याची आखणी करायची. ‘आखणी’ म्हटले की आमचे लोक वार्षिक नियोजनाची छापील वही काढतात, ती नव्हे. या मुलाला वर्षअखेरीस या भाषेत काय करता यावे, हे आधी ठरवायचे. युरोपात भाषाशिक्षणाची एक सामायिक शिडी २००१ साली ठरली आणि तिची पहिली पायरी ‘ए-वन’. पुढे २०२० च्या पुरवणीत तिच्याही खाली आणखी एक पायरी बांधली : आपले नाव सांगणे, नमस्कार करणे, आकडा, वार, किंमत ओळखणे, खुणांच्या मदतीने साध्या प्रश्नाला उत्तर देणे. त्या पायरीचे नाव ‘नापास’ असे नाही, हे लक्षात घ्या. जो तेवढे चढला तो तेवढे चढला. आमच्याकडे पस्तीसच्या खाली पायरीच नसते, थेट विहीर!

त्यानंतर अक्षरे. सव्वीसच्या सव्वीस एकदम कशाला? एस, ए, टी, पी, आय, एन एवढी सहा घ्या. त्यांतून सिट, पिन, टॅप, टिन, नॅप असे शब्द त्याच आठवड्यात तयार होतात आणि मुलाला आयुष्यात पहिल्यांदा ‘मी वाचले’ असे म्हणता येते. बी आणि डी एका महिन्यात आणू नका, त्या जुळ्या बहिणी भल्याभल्यांना फसवतात. आधी कानाने, मग बोटाने वाळूत, मग तोंडाने आणि शेवटी वहीत. कान, डोळा आणि हात यांना एकत्र जुंपण्याची ही रीत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात बसवली. तिला ना यंत्र लागते ना संगणक. वाळू तर शाळेच्या बांधकामाची कायम पडलेलीच असते!

आणि हे सगळ्यांना सरसकट लावू नका, नाहीतर तोही नवा जुलूम होईल. आंधळ्या मुलाचीच गोष्ट घ्या. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘क’चे जे ठिपके तेच इंग्रजी ‘के’चे, ‘म’ आणि ‘एम’, ‘ल’ आणि ‘एल’, ‘त’ आणि ‘टी’ यांचेही तसेच. म्हणजे मराठी ब्रेल शिकलेल्या मुलाला इंग्रजीची बरीच अक्षरे फुकट मिळालेली असतात. डोळस मुलाला नसलेली ही पुंजी त्याच्या बोटांत आहे आणि आम्ही त्यालाच सूट द्यायला निघतो! बहिऱ्या मुलाला कानापासून सुरुवात करा म्हणणे हा तर विनोदच. त्याची पहिली भाषा खुणांची. तिच्यातूनच छापील शब्दाकडे जायचे. भारतीय सांकेतिक भाषेचा ३००० शब्दांचा कोश २०१८ साली निघाला आणि पुढे तो वाढला. किती शाळांनी तो उघडला?

शहरातल्या शाळांना तर भाषाही निवडता येते. पुण्यात जपानी आणि जर्मन शिकवणाऱ्यांची वाण नाही. जर्मन लेखन उच्चाराला बरेच धरून चालते. जपानी ‘काना’ची ओळ अ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना अशी लागते, तो क्रम आपल्याच वर्णमालेवरून बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेला. बाराखडी येणाऱ्या मुलाला तो अनोळखी वाटणार नाही. (पुढची चिनी अक्षरे अवघड आहेत, हे मी लपवत नाही, पण मी बोलतो आहे ते उंबरठ्याबद्दल.) इंग्रजीत हरलेल्या मुलाला ‘तुला भाषाच येत नाही’ असे सांगण्यापूर्वी एवढे तरी करून पाहिले का?

‘‘साठ पोरांचा वर्ग, त्यात हे कोण करणार?’’ असे माझे शिक्षकबंधू म्हणतील. रास्त आहे. हे फुकटात होईल असे मी म्हणत नाही. आठवड्याचे दोन तास वेगळे द्यावे लागतील, विशेष शिक्षक नेमावा लागेल आणि ते पैसे सरकारने द्यावे लागतील. पण त्या साठांतल्या मागच्या दोन बाकांवरची पोरेही, ज्यांच्याकडे कसलाच दाखला नाही, याच सहा अक्षरांची वाट पाहत बसली आहेत. स्कॉटलंडच्या २००४ च्या कायद्याने तर ‘जादा मदतीची गरज’ एवढेच शब्द वापरले. मग ती गरज अपंगत्वाची असो, घरात कोणी वारल्याची असो, की शाळेची भाषा घरात नसल्याची असो. आणि २०१२ साली तिथे मातृभाषेशिवाय दोन भाषा शिकवायचे ठरले, तेही सगळ्याच मुलांसाठी. तिथे सारे गोडगोड आहे असे नव्हे. पण निदान दाराबाहेरची पायरी त्यांनी आखणीत धरली नाही.

सूट मुळीच नको, असे मी म्हणत नाही. काही मुलांना ती लागेल, आणि परीक्षेच्या गुणांपुरती ती जरूर असावी. पण ती सगळे करून झाल्यावर, मुलाला विचारून. परीक्षेत सूट मिळते. औषधाच्या बाटलीवर, बँकेच्या फॉर्मवर, रेल्वेच्या फलाटावर ती मिळत नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल. ज्या आईबापांच्या हाती दाखला आहे त्यांनी सुटीच्या अर्जावर सही करण्याआधी मुख्याध्यापकांकडे एक कागद मागावा : आजवर या मुलाला ही भाषा कशी शिकवून पाहिली आणि येत्या मार्चपर्यंत काय शिकवणार. पानभर नको. पहिल्या सहा अक्षरांची नावे, वेगळ्या तासाचा वार आणि त्या तासाला मूल कुठे बसणार, एवढे लिहिले असले तरी पुरे. कागद मिळाला नाही, तर सही करू नये.