दुसरा बाण आपणच मारतो

महाशिवरात्रीला आपल्या प्रतापगडावर यात्रा भरते. महादेवाला जाणारेही गड चढतात आणि दर्ग्याला जाणारेही. चढताना माझे गुडघे दुखतात, तुमचेही दुखत असतील. पण ‘आत्ताच असं, तर म्हातारपणी काय होणार?’ हे काही गुडघा बोलत नाही. ते मन बोलतं.

बुद्धांनी सल्लत्थ सुत्तात हेच सांगितलंय. शरीराचं दुखणं हा पहिला बाण. त्यावर कुढत बसणं हा दुसरा. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांना ध्यान शिकवायला सुरुवात केली, तीही याच वाटेने. दुखतंय तिथे शांतपणे लक्ष द्यायचं. ठणका आहे की जळजळ, वाढतेय की कमी होतेय, एवढंच बघायचं. दुखणं लगेच जात नाही, पण त्याची धास्ती उतरते.

मात्र मैत्रिणींनो, ‘बाईच्या जातीने सोसायचंच असतं’ ही शिकवण वेगळी आणि हे वेगळं! रोवणीत दिवसभर वाकून कंबर धरली, तर घरात सांगायचं, डॉक्टरांना दाखवायचं. पहिला बाण काढायलाच हवा. आणि मारणारा हात तर मुळीच स्वीकारायचा नाही, तो थांबवायचा.

स्वीकार म्हणजे मुकाट्याने सोसणं नव्हे. ‘हो, मला दुखतंय’ हे आधी स्वतःशी कबूल करणं, म्हणजे स्वीकार. आपण बायका नेमकं तेच टाळतो, असं मला वाटतं. तुम्हाला?