विषाणू, बालपणीचे घाव आणि स्मरणशक्ती

दक्षिण आफ्रिकेत आज ७५ लाखांहून अधिक लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत. २००४ पासून तेथील सरकारी रुग्णालयांत विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली आणि मृत्यूचे सावट ओसरू लागले. तथापि रक्तातील विषाणू आटोक्यात असूनही काहींची स्मरणशक्ती व एकाग्रता क्षीण का होते, हा प्रश्न उरतोच.

स्टेलेनबॉश विद्यापीठातील संशोधकांनी बाधित व अबाधित स्त्रियांचा तुलनात्मक अभ्यास केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, विषाणूप्रमाणेच बालपणी सोसलेल्या छळाचाही स्मरणशक्तीवर परिणाम दिसून आला. सततच्या भीतीने कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे संतुलन ढळते. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग त्यास विशेष संवेदनशील असतो. एच.आय.व्ही.मुळे मेंदूत होणारा दाह त्यात भर घालतो.

आनुवंशिकतेचाही येथे विचार होतो. अल्झायमरचा धोका वाढविणारे 'एपीओई-४' हे जनुकरूप एच.आय.व्ही.बाधितांतही अभ्यासले गेले. मात्र निष्कर्ष एकमुखी नाहीत.

म्हणूनच गोळी घेण्यास विसरणाऱ्या रुग्णास बेफिकीर ठरविणे अन्यायाचे आहे. जनुके बदलणे आपल्या हाती नाही. बालकांचे छळापासून रक्षण करणे मात्र निश्चितच आहे.