बायांचे गाणे रात्री पावणेदहालाच का?

उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली आले. बांबूची आयदाने विणून पोरे वाढवणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या आईच्या लेकीची ती आत्मकथा पुढे सुषमा देशपांडे यांनी रंगमंचावर आणली. बायांचे जगणे बायांनीच सांगितले. आम्ही वकील माणसे. ऐकीव पुरावा न्यायालय सहसा मानत नाही. ज्याने पाहिले, भोगले त्यानेच पिंजऱ्यात उभे राहावे लागते. मग आमच्या गावागावांतल्या वर्षावास प्रवचनमालेत स्त्रियांच्या दुःखावर पुरुषच का बोलतात? १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांची साक्ष नोंदवली. ती आम्ही कपाटात ठेवली.

जयंतीतही तेच. भाषणे लांबतात, गाणाऱ्या भगिनींना पावणेदहाला पुकारतात आणि दहाला भोंगा बंद! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा असाही उपयोग होईल, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

गावशाखांनी यंदाच्या वर्षावासातली एक संध्याकाळ बायांच्या कथन-गायनाला द्यावी. पेटी, ढोलकी विहारात आहेच. मानधन गायक पार्टीला देतो तेवढेच द्यावे, वेळ सातची ठेवावी. अध्यक्षांचे भाषण त्यानंतर, वेळ उरली तर.