स्वभावाचा निकाल यंत्राच्या हाती?

चोपड्यातल्या आमच्या वस्तीतला एक पदवीधर तरुण परवा संध्याकाळी माझ्याकडे आला. कोर्टाचे काम नव्हते. मोबाईलवर आलेला एक निकाल त्याला दाखवायचा होता. एका खासगी कंपनीत त्याने नोकरीसाठी अर्ज केला होता. मुलाखत घ्यायला समोर माणूसच नव्हता. पडद्यावर प्रश्न उमटत होते, याने उत्तरे द्यायची आणि त्याचा चेहरा, आवाज, शब्द यंत्राने टिपून घ्यायचे. चार दिवसांनी कळले की नोकरी नाही. सोबत त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा तक्ता होता : आत्मविश्वास कमी, लोकांत मिसळण्याची वृत्ती कमी, पुढाकार मध्यम.

हाच तरुण गेली सहा वर्षे दर रविवारी विहारात मुलांचे वर्ग घेतो. १४ एप्रिलला भरल्या सभेत हातात कागद न घेता बोलतो. पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरले तेव्हा रात्रभर घरोघर फिरून म्हाताऱ्या माणसांना सुरक्षित जागी हलवणारा तोच होता. त्याने मला एवढेच विचारले, "वकीलसाहेब, मी खरंच असा आहे का?"

नोकरी गेल्यापेक्षा हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटला. नोकरी आज नाही तर उद्या दुसरीकडे मिळेल. परंतु माणसाने स्वतःकडे दुसऱ्याने दिलेल्या नजरेने पाहायला सुरुवात केली की गुलामी पायाकडून नव्हे, डोक्याकडून चढते. हजारो वर्षे या देशात हेच झाले. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून माणसांचे स्वभाव ओळखून घेण्याचे हे जे नवे फॅड आले आहे, त्याची आंबेडकरी चळवळीने वेळीच चिकित्सा केली पाहिजे.

हे यंत्र करते तरी काय? मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे घटक मानले जातात. नव्याची ओढ, नेटकेपणा, लोकांत मिसळण्याची वृत्ती, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. पूर्वी यासाठी प्रश्नावली भरून घेत. आता माणसाचे बोलणे, लिहिणे, चेहऱ्यावरचे भाव यांवरून यंत्र अंदाज बांधते. हा अंदाज यंत्राच्या पोटातून येत नाही. आधी हजारो माणसांचे नमुने त्याला दाखवलेले असतात आणि कोणता नमुना "आत्मविश्वासू" व कोणता "बुजरा" हे माणसांनीच ठरवलेले असते. ज्यांचे नमुने, ज्यांची मोजपट्टी, त्यांचाच निकाल!

याचा पुरावाही उपलब्ध आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी २०२१ साली अशाच एका यंत्राची परीक्षा घेतली. माणूस तोच, बोलणे तेच. फक्त चष्मा घातला, डोक्याला रुमाल बांधला, पाठीमागे पुस्तकांचे कपाट दाखवले, तर व्यक्तिमत्त्वाचे गुण बदलले! पुस्तकांच्या कपाटाने स्वभाव बदलत असेल, तर पत्र्याच्या भिंतीने काय होत असेल? आमच्या त्या तरुणाच्या पाठीमागे पत्र्याची भिंत होती आणि शेजारच्या घरात कुकरची शिट्टी वाजत होती. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू या मुलाखती घेणाऱ्या कंपनीला चेहऱ्यावरून माणूस जोखण्याचा प्रकार टीका झाल्यावर सोडून द्यावा लागला आणि तसे तिने २०२१च्या जानेवारीत जाहीर केले.

आता आपल्या देशात या. एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या अमेरिकन नियतकालिकाने २०२५ साली चॅटजीपीटीच्या नव्या आवृत्तीला शंभरावर वाक्यांतल्या रिकाम्या जागा भरायला दिल्या. दलित की ब्राह्मण, यांतून एक निवडायचे. बहुतेक वाक्यांत यंत्राने विद्वत्ता, सुसंस्कृतपणा ब्राह्मणाच्या पदरात टाकला आणि घाण, गुन्हा, अज्ञान दलिताच्या. यंत्राला जात कोणी शिकवली? या समाजाने लिहिलेल्या, छापलेल्या, साठवलेल्या मजकुराने शिकवली. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पात्रता सारखीच असलेले अर्ज केवळ आडनाव बदलून खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावांना बोलावणे कमी आले. अशा निवडींची जुनी दप्तरे ज्या यंत्राला "योग्य उमेदवार" म्हणून शिकवली जातील, ते यंत्र वेगळा न्याय कसा देणार? मनूला आता पोथीची गरज उरलेली नाही, त्याला संगणक मिळाला आहे.

हा प्रश्न नवा नाही. चातुर्वर्ण्याचे समर्थक काय म्हणत होते? वर्ण जन्माने नव्हे, गुणाने व कर्माने ठरवू. माणसांचे स्वभाव वेगळे असतात, म्हणून त्यांचे चार वर्ग करू. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात या युक्तिवादाच्या चिंधड्या उडवल्या. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने माणसांचे तीन वर्ग पाडले होते. बाबासाहेबांनी त्याची मर्यादा अचूक दाखवली. प्रत्येक माणूस आपल्यापरीने एकमेव असतो, एका माणसात अनेक प्रवृत्ती नांदतात, त्यांना ठरावीक खणांत कोंबणे म्हणजे माणसाकडे वरवर पाहणे होय, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. चार खण असोत, तीन असोत वा संगणकाचे पाच असोत, आक्षेप तोच राहतो.

खानदेशाला तर याचा अनुभव आहे. आपल्या शेजारच्या धरणगावात १८२५ साली जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली. त्याआधी इंग्रजांच्या कागदोपत्री सातपुड्यातले भिल्ल म्हणजे लुटारू जमात. पलटणीत आल्यावर त्याच भिल्लांच्या हाती बंदोबस्त सोपवला गेला! एका रात्रीत रक्त बदलले काय? बदलली ती परिस्थिती. भाकरी आणि विश्वास मिळाला तर माणूस वेगळा वागतो. परंतु इंग्रज सरकार हा धडा शिकले नाही. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणून जन्मालाच गुन्ह्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र पारध्यांच्या कपाळावरून आजही पुसलेला नाही. जुन्या पोलीस दप्तरांवर पोसलेले यंत्र उद्या "हा माणूस संशयास्पद स्वभावाचा" असे सांगू लागले, तर तो १८७१चाच कायदा नव्या कपड्यांत आलेला असेल.

मी वकिली करताना एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. पावरा किंवा तडवी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, नजर खाली ठेवतो, प्रश्न संपल्यावर थोडा वेळ थांबून उत्तर देतो. समोरचा वकील उठून म्हणतो, "साक्षीदार अडखळतो आहे, खोटे बोलतो आहे." वास्तविक त्याला प्रश्न मराठीत कळायचा असतो, उत्तर त्याच्या बोलीत सुचते आणि ते पुन्हा मराठीत आणायचे असते. नजर खाली असते ती कोर्टाच्या धाकाने. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १२ अन्वये साक्षीदाराच्या हावभावाबद्दल शेरा नोंदवण्याचा न्यायाधीशांना अधिकार आहे. परंतु तो शेरा उघड नोंदीत असतो, त्यावर युक्तिवाद करता येतो, अपिलात तो तपासता येतो. यंत्राच्या शेऱ्यावर अपील कोणाकडे करायचे?

येथेच या सगळ्या प्रकाराचे मर्म आहे. आपण ज्याला स्वभावातला फरक म्हणतो, तो पुष्कळदा स्वभावातला नसतोच, तो सत्तेतला फरक असतो. साहेबासमोर गप्प बसणारा बाप घरी तासन्‌तास गोष्टी सांगतो. गावच्या चावडीवर मागे उभी राहणारी बाई महिला मंडळाच्या बैठकीत सर्वांना गप्प करते. यांचा स्वभाव कोणता? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना "वर मान करू नकोस" असे शिकवले, त्यांच्या झुकलेल्या मानेला यंत्र "आत्मविश्वास कमी" म्हणणार! आणि ज्यांच्या पिढ्यांनी हुकूम सोडले, त्यांच्या मोठ्या आवाजाला "नेतृत्वगुण" म्हणणार! अन्यायाचा परिणाम माणसाचा मूळ गुण म्हणून नोंदवायचा, हे काम पूर्वी धर्मग्रंथांनी केले, आता तेच शास्त्राच्या नावाने होऊ घातले आहे.

मग स्वभावभेद नसतातच काय? असतात. तथागतांच्या धम्मात त्यांचा विचारही आहे. पाचव्या शतकातल्या आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात सहा चरिते सांगितली आहेत : राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. साधक कसा चालतो, कसा झाडतो, कसा जेवतो यावरून त्याचे चरित ओळखावे असे ते सांगतात. वरवर पाहता यंत्राचेच काम! परंतु हेतूतला फरक पाहा. तेथे चरित ओळखायचे ते कोणाला दाराबाहेर काढण्यासाठी नव्हे, तर कोणाला कोणते ध्यान मानवेल हे ठरवण्यासाठी. ओळखणारा आचार्य साधकासोबत राहतो. आणि चरित बदलू शकते यावरच सारी साधना उभी आहे. अंगुलिमालाचा तक्ता एखाद्या यंत्राने काढला असता तर त्यात काय आले असते? बुद्धाने मात्र त्याच्यात भिक्खू पाहिला.

म्हणून यंत्र फेकून द्या असे मी म्हणत नाही. बाबासाहेब मोजमापांना घाबरले नाहीत. १९४८च्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मोजमापांचे उपलब्ध आकडे घेतले आणि त्याच आकड्यांतून अस्पृश्य हा वेगळा वंश असल्याचा समज खोडून काढला. विरोधकाचे हत्यार शिकून घ्यायचे आणि सत्यासाठी वापरायचे, ही त्यांची रीत. आपल्या मुलांनी मुलाखतीचा सराव या यंत्रासमोर जरूर करावा. आपले उत्तर समोरच्याला कसे ऐकू जाईल, हे विचारावे. रागाच्या भरात लिहिलेला अर्ज तहसीलदाराकडे देण्यापूर्वी एकदा त्याच्याकडून तपासून घ्यावा. आपल्या समित्यांमध्ये एकजण चटकन बोलतो, दुसरा चार दिवस विचार करतो. आपण पहिल्याला उद्धट आणि दुसऱ्याला फितूर ठरवून गट पाडतो! दुसऱ्याच्या बोलण्याचे आणखी कोणते अर्थ निघू शकतात, एवढे जरी यंत्राने सुचवले तरी चळवळीतले काही तंटे टळतील. आरसा म्हणून ते चालेल, न्यायाधीश म्हणून मुळीच नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्या. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ यांसारख्या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असे ठरवले. माणसाच्या मनात जबरदस्तीने डोकावता येत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. युरोपीय संघाने नोकरीच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजात यंत्राकरवी माणसाच्या भावना ताडण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. परंतु यंत्राने माझ्याविषयी असा निर्णय का दिला, हे विचारण्याचा आणि माणसाकडून फेरतपासणी मागण्याचा स्वतंत्र हक्क त्या कायद्यात नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाहीच, आता निदान कारण विचारण्याची सोयही नसावी काय?

आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. नोकरी, प्रवेश, कर्ज यांत यंत्राने व्यक्तिमत्त्व जोखले असेल तर तसे आधी सांगावे. नकाराचे कारण लेखी द्यावे. अपील ऐकायला माणूस असावा. यंत्र वापरात आणण्यापूर्वी त्याची जातीच्या, लिंगाच्या आणि भाषेच्या पूर्वग्रहासाठी स्वतंत्र तपासणी व्हावी. अहिराणी किंवा पावरी वळणाने मराठी बोलणाऱ्याचे गुण त्या वळणामुळे कापले जाऊ नयेत. सरकारी खाते असे यंत्र वापरत असेल तर आपल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात त्याचे करार आणि निकष मागवावेत. आणि आपल्या संगणक शिकलेल्या मुलांनी केवळ नोकरी न शोधता ही यंत्रे आतून तपासण्याचे काम हाती घ्यावे.

त्या तरुणाला मी कंपनीकडे लेखी विचारणा करायला सांगितले. अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. उत्तर येईल की नाही, हा पुढचा प्रश्न. मसुदा वाचून झाल्यावर त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि "विनंती आहे" हे शब्द खोडून तेथे "मागणी आहे" असे लिहिले.

ज्याला यंत्राने बुजरा म्हटले, तोच हा.

जयभीम!