क्रौंचवध आणि आकडे

रामायणातील क्रौंचवध साहित्याच्या वर्गात आम्ही शिकवतो तो एका पक्ष्याचा मृत्यू म्हणून. पक्षिसंख्येची गणिते मात्र रुक्ष ठरवून शास्त्राकडे सोपवतो. ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

तो क्रौंच म्हणजे सारस असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच कुळातले सुमारे २०० सायबेरियन क्रौंच १९६०च्या दशकात राजस्थानात, भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत हिवाळा काढीत. १९८२ मध्ये ती पाणथळ राष्ट्रीय उद्यान झाली, १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ. तरीही २००२ नंतर तेथे एकही सायबेरियन क्रौंच उतरला नाही.

संरक्षण मुक्कामाला मिळाले, वाटेला नाही. अफगाणिस्तान-पाकिस्तानातून येणाऱ्या मार्गावर शिकार होत राहिली. या पक्ष्याची मादी एका विणीत बहुधा दोन अंडी घालते. त्यांतून सहसा एकच पिल्लू जगते. त्यामुळे एका प्रौढ पक्ष्याची हानी भरून यायला वर्षे लागतात. शिवाय स्थलांतराची वाट पिल्ले वडीलधाऱ्यांबरोबर उडतच शिकतात. १९९०च्या दशकात बंदिवासात वाढवलेले काही क्रौंच भरतपुरात सोडले गेले. रानातल्या क्रौंचांबरोबर ते उत्तरेस गेले नाहीत. आज ही जात मुख्यतः चीनमधील पोयांग सरोवराच्या आधाराने तगून आहे.

परंपरा खंडित होणे म्हणजे काय, हे साहित्याच्या अभ्यासकांना निराळे सांगायला नको. म्हणून क्रौंचवध शिकवताना हे आकडेही फळ्यावर लिहिले जावेत, असे आमचे मत आहे.