तुर्की महिने आणि आपला सरकारी कागद

तुर्की मालिका बघून आपल्याकडची काही पोरं मोबाईलवर तुर्की शिकतायत. "काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांनी जरा थांबा.

व्याकरण आपल्याला फार परकं नाही. क्रियापद शेवटी. एव म्हणजे घर, एवदे म्हणजे घरात, एवलेरिमिझदे म्हणजे आमच्या घरांमध्ये. प्रत्ययाला प्रत्यय जोडत जायचं. स्वर मात्र जुळवावा लागतो : एप्रिलमध्ये म्हणजे निसानदा, पण सप्टेंबरमध्ये म्हणजे एयल्युलदे. तो-ती-तेची भानगडच नाही, तिघांना मिळून एकच 'ओ'.

खरी गंमत महिन्यांत आहे. जानेवारी म्हणजे ओजाक, अर्थ चूल. ऑक्टोबर एकिम, अर्थ पेरणी. डिसेंबर आरालिक, म्हणजे मधली फट. ही नावं जुनी नाहीत, १९४५ साली कायद्याने चार महिन्यांची नावं बदलली. त्यातलं चौथं कासिम, म्हणजे नोव्हेंबर. हा शब्द मूळ अरबी! पण हिवाळा लागण्याचा दिवस म्हणून तो लोकांच्या तोंडात होता, म्हणून चालून गेला.

माझा मुद्दा हाच. शब्द कुठून आला यापेक्षा तो कुणाला कळतो हे महत्त्वाचं.

भाषा बदलण्याच्या घाईची किंमतही तुर्कांनी मोजली. अतातुर्कचं १९२७ चं गाजलेलं भाषण आजच्या पिढीला सोप्या तुर्कीत करून द्यावं लागतं.

आपल्याकडे शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. सावरकरांचे दिनांक, महापौर रुळले. पण 'अनुज्ञप्ती'चं काय? परवाना फारसीतून आलेला, तरी बांधावरच्या माणसाला कळतो. अनुज्ञप्ती मराठी म्हणून छापतात आणि तो कागद घेऊन म्हातारा माणूस दारोदार विचारत फिरतो. तोवर अर्जाची मुदत संपते. नुकसान त्याचं, भाषेचा अभिमान आपला!

माझी मागणी साधी आहे. तालुक्याच्या कार्यालयाने नोटीस काढण्याआधी बाहेर बाकड्यावर बसलेल्या एका माणसाला वाचून दाखवावी. कळली तरच शिक्का मारावा. मराठी भाषा दिनाला हार-तुरे नंतर.

तुम्हाला न कळलेला सरकारी शब्द कोणता? खाली लिहा. यादी करून साहेबांच्या टेबलावर ठेवू.