ठाकुरदेव कोणत्या अभ्यासक्रमात?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांत धर्म आणि तत्त्वज्ञान शिकवायचे कशाला, हा प्रश्न दोन परस्परविरोधी गोटांतून एकाच सुरात विचारला जातो. विकासाचे ठेकेदार म्हणतात, जंगलातल्या पोराला आयटीआय द्या, खाणीवर नोकरी द्या. ब्रह्म आणि माया त्याच्या काय कामाची? समाजवादी चळवळीतले काही साथी म्हणतात, धर्म ही अफू आहे. तिची शेती महाविद्यालयात नको. भाषा निराळी, निष्पत्ती एकच : आदिवासी विद्यार्थ्याने विचार करण्याचे काम इतरांवर सोपवावे.

साथींनी निदान स्वतःच्या पक्षाचा इतिहास आठवावा. आचार्य नरेंद्र देव मार्क्सवादी होते, आणि अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त बुडालेले होते. त्यांचा ‘बौद्ध धर्म दर्शन’ हा ग्रंथ १९५६ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांनी त्या वेळच्या चांद्यात धम्मदीक्षा दिली. धर्म जन्माने चिकटत नाही, तो तपासून स्वीकारता वा टाकता येतो, हा तत्त्वज्ञानातला सिद्धान्त याच भूमीवर भूमिहीन शेतमजुरांनी आचरून दाखवला. तो विषय त्यांच्या नातवंडांना जड जाईल, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दोष विषयाचा नाही, तो शिकवण्याच्या चौकटीचा आहे. तत्त्वज्ञान म्हणजे षड्दर्शने आणि देकार्तपासून कान्टपर्यंतचे युरोपीय, ही आपल्या विद्यापीठांची जुनी सवय. गोंडांची चार, पाच, सहा आणि सात देवांची कुळे, समान संख्येच्या देवांत सोयरीक न करण्याचा दंडक, पहांदी पारी कुपार लिंगोची परंपरा, ज्यावर मोतीरावण कंगाली यांनी आयुष्य वेचले ते कोया पुनेम, हे सारे फार तर मानववंशशास्त्राच्या कपाटात जाते. ज्या धर्माला पोथी नाही त्याला दर्शनही नाही, असे गृहीत धरले गेले आहे. हे गृहीत तपासणे हेच तर तत्त्वज्ञानाचे काम!

हा केवळ पंडिती वाद नव्हे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडावर ठाकुरदेवाचे ठाणे आहे. जानेवारीत तेथे यात्रा भरते. २००७ साली या पहाडावरील सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्र लोहखनिजासाठी लॉइड्स मेटल्स कंपनीला खाणपट्ट्याने देण्यात आले. ओडिशात नियमगिरीच्या डोंगऱ्या कंधांचा नियमराजाही असाच पहाडात राहतो. तेथे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी धार्मिक हक्काचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. पहाड हा देव असू शकतो काय, हा प्रश्न तेथे कायद्याचा झाला. एटापल्लीच्या पदवीधराला तो नेमकेपणाने मांडता येत नसेल, तर कंपनीचा वकील त्याच्या वतीने मांडील. जनगणनेचीही तीच कथा. २०११ साली दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंडी असा लिहवला. सरकारने त्यांना ‘इतर’ या रकान्यात जमा केले.

यातून पुनरुज्जीवनवाद माजेल, अशी भीती काही साथी घालतात. अभ्यास म्हणजे आरती नव्हे. पाळीच्या दिवसांत स्त्रीला गावाबाहेर कुर्माघरात बसवणारी रूढी त्याच वर्गात, त्याच कठोरपणे तपासली गेली पाहिजे. आणि ती माडिया मुलींनी तपासावी, बाहेरच्या सुधारकांनी नव्हे. पुजाऱ्याच्या हातात दिलेला धर्म आणि वर्गात उलटतपासणीला उभा केलेला धर्म, यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने अफूविषयी न बोललेले बरे.

गडचिरोलीत २०११ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या नावातच गोंडवाना आहे. तत्त्वज्ञानाच्या पदवी परीक्षेत कोया पुनेमची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असावी, गावचे गायता आणि भुमिया अध्यापक म्हणून मानधनावर यावेत, ही मागणी पक्षाच्या दोन्ही जिल्हा शाखांनी लेखी करावी. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने अभ्यासगट चालवून वनहक्कापर्यंतची वाट काढली. तेथे कोणी विषय कठीण असल्याची तक्रार केली नव्हती.